थुंकी अमेरिकेला, बातमी वारासिवनीला

आमच्या घरात गुप्तता पाळण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणूनच सगळ्या बालाघाटला सगळं कळलं.

झालं असं, की धाकटा भाऊ सुहास अमेरिकेहून सुट्टीवर आला तो दोन डबे घेऊन. नळीत थुंकायचं, नळी तिकडे पाठवायची, की आपले पूर्वज कुठून आले ते कंपनी सांगते म्हणे! (आई म्हणाली, "भंडाऱ्याहून आले. मले विचार ना!") एक डबा नाव, पत्ता, जन्मतारीख, घरातले आजार, सगळंच विचारत होता. दुसऱ्यावर नुसता नंबर, शिवाय तपासणी झाली की थुंकी नष्ट करायची हमी. मी सरकारी नोकर, सावध माणूस! नंबरवाला डबा निवडला आणि घरात हुकूम सोडला, "हे कोनाले सांगाचं नाही!"

थुंकायला बसलो आणि तोंडाला कोरड पडली. नळी काही भरेना. शेवटी आई समोर बसून तिखटमीठ लावलेली कैरी कचाकचा खाऊ लागली, तेव्हा कुठे जमलं! नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. पाहतात तर काय, खिडक्या बंद, मी नळीत थुंकतोय आणि आई डोळे पुसतेय. (तिखट जास्त झालं होतं.)

"क्या हुआ भैया को?" काकूंनी विचारलं.

आई शब्दाची पक्की. म्हणाली, "सांगता येत नाही बाई."

संध्याकाळपर्यंत मला टीबी झाला होता! एका घरून अंडी आली, दुसऱ्या घरून बकरीचं दूध. ऑफिसात माझी खुर्ची आपोआप खिडकीशी सरकली. "मले काही झालं नाही!" असं मी म्हटलं, की लोक आणखीच हळहळायचे.

इथवर ठीक होतं. पण बहिणीचं, वंदनाचं लग्न वारासिवनीला जवळजवळ ठरलं होतं, आणि एका रविवारी मुलाचे वडीलच दारात उभे! आईचा चेहरा उतरला.

"तब्येत कशी आहे तुमची?" पाव्हण्यांनी मला विचारलं.

"एकदम ठणठणीत!" म्हणायला तोंड उघडलं आणि पोह्यातला शेंगदाणा भलत्याच वाटेनं गेला. असा खोकलो, असा खोकलो, की पाव्हण्यांची खुर्ची उंबरठ्याला जाऊन टेकली!

शेवटी वंदनाच उरलेला डबा घेऊन बाहेर आली. "काका, याले टीबी-बिबी नाही. हा पूर्वज शोधून राह्यला!"

मग मी डबा उघडला, नळी दाखवली, सगळं पहिल्यापासून सांगितलं. खिडकीबाहेर अर्धा मोहल्ला कान लावून उभा होता.

पाव्हण्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाले, "टीबी असता तरी औषध आहे ना बा. लपवून काहून राह्यले होते?"

"कंपनीले नाव कळू नये म्हनून..."

"कंपनी का सोयरीक कराले येनार हाय?"

आधी वंदना हसली, मग ते, मग खिडकीबाहेरचे सगळे! लग्न थाटात झालं. पुढे निकालही आला, पूर्वज भारतातलेच निघाले. (भंडाऱ्यापर्यंत कंपनी पोचली नाही.)

अमेरिकेतल्या त्या कंपनीला माझं नाव आजही ठाऊक नाही. बालाघाट स्टेशनवर मात्र ऑटोवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. "अच्छा, वो थूकवाले भैया!" म्हणतो आणि थेट दारात आणून सोडतो.