रविवार धरून

देवळाली प्रवरेतल्या शाळेत मी एकतीस वर्षं क्लार्क होतो. दाखले, मस्टर, अर्ज, यापलीकडे कधी काही लिहिलं नाही. हे जमेल की नाही, शंकाच आहे. पण सुरेखाबाईंबद्दल लिहायचं राहून गेलं तर ती माझी आणखी एक चूक होईल.

बाई मराठी शिकवायच्या. कागदावर त्या पंचवीस मुलांच्या पालक-शिक्षक होत्या. म्हणजे त्या मुलांची घरची अडचण, आजारपण, रुसणं-रडणं त्यांनी बघायचं. बाईंनी सगळी शाळाच आपल्या वाट्याची धरली. त्यांचा नियम असा, की मूल सलग तीन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या दारात उभं राहायचं. आधी निरोप नाही. गैरहजर मुलांची चिठ्ठी मी रोज करून द्यायचो. नाव, वस्ती, दिवस.

"यात रविवार का धरला नाही, भाऊसाहेब?" त्यांनी एकदा विचारलं.

"सुट्टी गैरहजेरीत धरत नाहीत, बाई."

"घरची अडचण काय रविवारी सुट्टीवर जाते?"

मी नुसता हसलो. चिठ्ठी तशीच ठेवली.

आठवीतली राजनंदिनी एकदा यायची थांबली. बाई तिच्या वस्तीवर गेल्या, मलाही ओढून नेलं. तिची आई म्हणाली, "मी खुरपायला जाते. धाकट्याला कोन सांभाळनार?"

"त्यालाही पाठवा शाळेत."

"सा म्हैन्याचा हाय वो बाई त्यो!"

"मग बरंच की. बाकीच्या वर्गापेक्षा कमी बोलेल."

दुसऱ्या दिवसापासून ते बाळ माझ्या टेबलावर फायलींच्या मधे झोपायला लागलं. "तुमचं टेबल तसंही झोपलेलंच असतं, भाऊसाहेब," बाई सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या. मी खाली मान घातली. बाळानं एकदा जनरल रजिस्टर ओलं केलं, ते मी उन्हात वाळवलं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. ते दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले होते, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही.

आम्ही दोघं निवृत्त झालो. माझी पत्नी गेली. बाईंनी लग्नच केलं नव्हतं. रोज सकाळी त्या पाटाच्या पुलावर कठड्याला टेकून बसत. मी फिरत तिथवर जाई. त्या बोलत, मी ऐके. गावच्या पुढाऱ्यापासून माझ्या सदऱ्याच्या कॉलरपर्यंत कशालाही त्या सोडत नसत. घरी परतलो की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे.

या हिवाळ्यात एका गुरुवारी बाई आल्या नाहीत. घर दहा मिनिटांवर होतं. पण एकट्या बाईच्या घरी मी जायचं, लोक काय म्हणतील, आणि बाई तरी काय म्हणतील? मग त्यांचाच नियम आठवला आणि मला सुटल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी जाऊ. गुरुवार एक. शुक्रवारी सरकारी सुट्टी होती, ती धरली नाही. शनिवार दोन. रविवार सोडला. सोमवारी धुतलेला सदरा घालून निघालो.

दारात गाडी उभी होती. बाईंचा कोपरगावचा भाचा गहिनीनाथ तिच्यात गाद्या भरत होता. बाई ओसरीवर खुर्चीत होत्या. पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर.

"या. गुरुवारी पहाटे मोरीत घसरले," त्या म्हणाल्या.

"कळवलं का नाही, बाई?"

"कुठलं पोरगं कळवून गैरहजर राहतं?"

दूध घालणारी रतनबाई भांडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मला बी तंबी दिल्ती, कुनाला सांगायचं न्हाई म्हनून."

"हा घेऊन जातो म्हणत होता," बाईंनी भाच्याकडे बोट केलं. "मी म्हटलं, तीन दिवस थांब. आपणहून कुणी चौकशीला आलं तर मी इथंच राहते. शनिवारी दिवे लागेपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. काल याला हो म्हणून बसले."

मी बोटांवर मोजून दाखवलं. शुक्रवारची सुट्टी, मधला रविवार. माझ्या हिशोबानं आज तिसराच दिवस होता.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही. "तुम्ही मोजत होता तर!"

"रोज."

"मग आता म्हणा की काहीतरी. बायकांसारखे लाजू नका. मी लाजत नाही."

राहा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "प्लास्टरला पाणी लागू देऊ नका."

"मावशी, चला," गहिनीनाथ म्हणाला. आम्ही दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं. काच खाली करून त्यांनी माझ्या खिशात एक चिठ्ठी कोंबली आणि गाडी गेली. रतनबाईनं दाराला कुलूप घातलं.

चिठ्ठी माझ्याच पद्धतीची आहे. नाव, कोपरगावचा पत्ता, आणि दिवसांपुढे मोकळी जागा. ती मी रोज पेन्सिलीनं भरतो, खोडतो, पुन्हा भरतो. आज एक्केचाळीस झाले. रविवार धरून.

उद्या सकाळच्या एस.टी.नं जाईन म्हणतो. मागच्या आठवड्यातही असंच म्हणालो होतो. स्टँडपर्यंत गेलोही होतो.