करीच्या दिवशीचा पुकारा

हे टेकडीच्या गणराया, शेंदराने न्हालेल्या विघ्नहरा, आधी तुझ्या पायरीला माथा लागो. जो चुकला त्याला तू ओळखतोस. जो चुकून परतला, त्याला तर अधिकच ओळखतोस. तुझ्या टेकडीखालून रोज सकाळी कापडाच्या गाठींचा एक टेम्पो जाई, आणि त्याचा चालक एक हात स्टेअरिंगवर ठेवून दुसरा छातीशी नेई. त्याचे नाव चंद्रभान.

गांधीबागेच्या ठोक बाजारातून जरीपटका वस्तीतल्या दुकानांपर्यंत गाठी पोचवाव्या, हा त्याचा नित्यनेम. माणूस स्वप्नाळू. गाडी हाकताना त्याला वाटे, रस्ताच वाहतो आहे आणि आपण त्यावर तरंगतो आहोत. त्र्याहत्तर सालच्या आषाढात मोहाच्या दारूने ते तरंगणे खरे करून दाखवले, आणि टेम्पो भरदुपारी कडुनिंबाच्या पारावर चढला. कोणाला खरचटले नाही, देवाने राखले. पण पोलिसांनी परवाना ठेवून घेतला, खटला भरला, आणि जामीन कोण राहतो असे विचारले.

शेजारचे देवाजी पुढे झाले. सत्तरीचे, बांबूकामातले कारागीर, उभ्या जन्मात कोर्टाची पायरी न चढलेले. त्यांनी कागदावर अंगठा उठवला आणि एवढेच म्हणाले, "तारखेले हजर राहजो गा. आजवर हा अंगठा कोठीच दिला नव्हता."

तारीख पडली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे करीची. करीला कोणी नवे काम काढत नाही, बैल जुंपत नाही, गांधीबागेतली दुकाने उघडत नाहीत. त्या दिवशी मारबत निघते: बांबू-कागदाची ती अक्राळविक्राळ माय, शहराची रोगराई पदरात घेऊन वेशीबाहेर जळायला जाणारी. तिच्या मागून गल्लोगल्लीचे बडगे, वर्षभरातल्या वाइटाचे पुतळे. ज्या दिवशी सारी वस्ती हात जोडून बाहेर उभी, त्या दिवशी न्याय तरी आत कसा बसेल, असे चंद्रभानाने मनोमन धरले. बायको मनकर्णा हिने एकदा टोकले. करीले कोणी कोर्टात जाते का, असे म्हणून तो हसला. देवाजींनीही टोकले असते, पण ते पोळ्यासाठी लेकीकडे काटोलला गेले होते.

त्या वर्षी गल्लीने बडग्या केला तो दारुड्या ड्रायव्हरचा. हातात बाटली, पोटाला फाटका टायर. कोणाचा, ते सांगायची गरज नव्हती. चंद्रभानाने रागावण्याऐवजी तो स्वतःच खांद्यावर घेतला. भाजीवाल्या कांताबाई दारातून म्हणाल्या, "स्वतःचीच मयत स्वतः नेऊन राहिला का गा?"

"दुसऱ्याले जड जाईन, काकू," तो म्हणाला.

मग ढोल उठले, हवा गुलालाने रंगली, आणि हजार कंठ मारबतीला म्हणू लागले, घेऊन जा गे, घेऊन जा. चंद्रभान न पिता तरंगत होता. घरे मागे सरकत होती, माणसे पाण्यातल्या सावल्यांसारखी हलत होती, आणि खांद्यावरचा तो दुसरा चंद्रभान क्षणोक्षणी हलका होत होता. वेशीबाहेर आग लागली. आधी बाटली गेली, मग हात, शेवटी तोंड. राख उडून त्याच्या भुवईवर बसली. त्याला वाटले, खटला गेला, पार गेला, मोहाचा वासही गेला. देवा, किती निर्मळ ती चूक!

त्याच दुपारी कोर्टाच्या ओसरीत पट्टेवाल्याने त्याच्या नावाचा तीनदा पुकारा केला होता. मग कागदावर गैरहजर असा शेरा पडला.

चौथ्या दिवशी शिपाई आला, तो आधी काटोलहून परतलेल्या देवाजींच्या दारी. चंद्रभानाच्या नावे वॉरंट निघाले होते, आणि जामीनदाराला नोटीस: आरोपीला हजर करा, नाहीतर का केले नाही ते येऊन सांगा. चंद्रभान तेव्हा घरी नव्हता. परतल्यावर मनकर्णेने सारे सांगितले. त्याच्या मनात खापरखेड्याची बहीण आली. तिथल्या वीजकेंद्राच्या कामगार वसाहतीत कोण कोणाला शोधतो? त्याने पिशवी काढली, त्यात धोतर घातले. मनकर्णेने बाजूला होऊन दार मोकळे करून दिले.

दारात देवाजी उभे होते, हातात घडी न उलगडलेली नोटीस. त्यांनी पिशवी पाहिली.

"मले बोलणं जमत नाही गा," ते म्हणाले. "तेवढं सांगून जाय, एकट्यानं तिथं काय सांगू?"

राखेचे स्वप्न तिथेच विरले. जळाला तो कागद होता. जो उरला त्याच्यासाठी हा म्हातारा उभा होता. चंद्रभानाने पिशवी खुंटीला लावली, सायकल काढली, देवाजींना मागे बसवले आणि हँडल धरून कोर्टापर्यंत चालत नेले.

मॅजिस्ट्रेटांनी कारण विचारले. त्याने खोटा ताप सांगितला नाही. कर सांगितली, बडग्या सांगितला. कारकून तोंड दाबून हसले. साहेब हसले नाहीत. कोर्टाला कर नसते, असे समजावून त्यांनी देवाजींना विचारले, आरोपीला पकडून आणायला चार दिवस का लागले?

"म्या नाही आणलं साहेब," देवाजी म्हणाले. "यानंच मले आणलं."

साहेबांनी लेखणी उचलली, थांबवली, मग वॉरंट रद्द लिहिले. जामीन तोच कायम ठेवला. पुढच्या तारखेला चंद्रभान पट्टेवाल्याच्याही आधी ओसरीत होता. गुन्हा कबूल केला; दंड झाला, सहा महिने परवाना गेला. ते सहा महिने त्याने त्याच गांधीबागेत त्याच गाठी हातठेल्यावर ओढल्या. तेव्हा त्याला कळले, रस्ता वाहत नाही, चालावे लागते. तरी टेकडी दिसली की ठेला थांबे आणि हात छातीशी जाई.

हे गणराया, त्या हाताला बळ दे. मनकर्णेच्या चुलीला ऊब दे, तिच्या दाराला परतणारी पावले दे. देवाजींच्या अंगठ्याची शाई कधी लाजू नये. आणि दर करीला त्या गल्लीतून वाईट तेवढे वेशीबाहेर जावो, माणूस मात्र घरी येवो.