आत्याच्या फुलांना हॉबी म्हणू नका

माझी आत्या शांत नव्हती. प्लीज, आज तरी तसं लिहू नका.

काल सकाळी शैलाआत्या गेली. दुपारपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच चाललंय. 'फुलांसारखी कोमल.' 'सोशिक.' 'छान हॉबी जोपासलेली.'

हॉबी?

काकांना, म्हणजे तिच्या मिस्टरांना, पॅरालिसिस झाला. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांचं सगळं तिने एकटीने केलं. टिटवाळ्याला, तळमजल्याच्या घरात.

रोज सकाळी त्यांचं आवरलं की ती खिडकीबाहेर स्टूल टाकून बसायची. काकांनी हाक मारली की ऐकू येईल, इतक्याच अंतरावर.

समोर जे फुललेलं असेल ते रंगवायची. घाणेरी, कर्दळ, कण्हेर. फूल कधी तोडलं नाही.

मी एकदा तिच्याशेजारी बसून जास्वंद काढत होते. किड्याने खाल्लेली पाकळी मी चित्रात गुपचूप नीट केली.

"अगं, खाल्लेली आहे ना? मग खाल्लेलीच काढ. बघ तरी तिच्याकडे."

डॉक्टर म्हणाले, आता सुधारणा नाही. त्या दिवशी तिने लाल कण्हेर रंगवली. कागद फाटेपर्यंत ब्रश घासलेला. मग हात धुऊन काकांना पेज भरवायला गेली.

काकांना बोलता यायचं नाही नीट. पण चित्र आधी त्यांनाच दाखवायची. ते बराच वेळ बघायचे आणि मान हलवायचे.

त्यांची कधीच तक्रार नव्हती. तक्रार बाकीच्यांची!

एका रविवारी तिचे धाकटे दीर आलेले. मी तिथेच होते.

"वहिनी, दादा आत पडलाय आणि तुम्ही फुलं रंगवताय? लोक काय म्हणतील?"

असं म्हणून त्यांनी तिच्या हातातलं पॅड ओढून घेतलं.

"भाऊजी, द्या ते इकडे. आणि आत जा. आज त्यांचं अंग तुम्ही पुसा. मी हे फूल संपवून येते."

ते आत गेले. काकांना "बरंय ना?" विचारलं आणि चहा न घेताच निघाले.

परत कधी आले? काका गेले तेव्हा. आणि काल.

काल स्मशानात तेच दीर चादरीत बांधलेला चित्रांचा गठ्ठा घेऊन पुढे आले. "वहिनींची आवड होती. त्यांच्यासोबत जाऊ दे."

चितेवर ठेवणार होते!

"नाही," मी म्हटलं. जोरात. सगळे वळून बघायला लागले.

"अगं, भावना असते."

"तिची भावना या गठ्ठ्यात आहे, धाकटे काका. ती जाळायला मी देणार नाही."

मोठ्यांशी असं बोलतात का, असं कोणीतरी कुजबुजलं. मी गठ्ठा उचलला आणि छातीशी धरून उभी राहिले. अग्नी दिला तेव्हाही तशीच.

चित्रं आता डोंबिवलीला माझ्या घरी आहेत. ज्यांनी काल ग्रुपवर लिहिलं त्या सगळ्यांनी या. धाकट्या काकांनीही. पण एकेका फुलासमोर जरा बसायचं. चहा मी करीन.

आत्या, जा आता. तुला मनापासून शेवटचा नमस्कार.