‘ते गेले’, एवढंच

सोमवारी सकाळी बायंडिंगखान्यात हातांपेक्षा तोंडं जास्त चालणार हे ठरलेलंच होतं. मालकांनी रविवारी सगळ्यांना सिनेमा दाखवला होता, आणि फुकटात पाहिलेल्या सिनेमावर माणूस जरा जास्तच कडक बोलतो.

घडीताई नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी येऊन बसली होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. चादरीएवढा छापील कागद, ज्याला इथं फर्मा म्हणतात, तो ती तीन घड्यांत असा दुमडायची की सोळाच्या सोळा पानं नंबरवारी लागून यायची आणि कोपऱ्यावर कोपरा बसायचा. बोलणंही तसंच, मोजकं आणि काठ जुळलेलं. दोघांत वाद पेटला की तिसरा म्हणायचा, घडीताईला विचारा. तिनं हो म्हटलं की विषय संपला.

तिच्या शेजारी खळवाली बसायची. पुठ्ठ्यांना खळ लावणं हे तिचं काम. ब्रशाला सतत खळ, जिभेला मात्र कधीच नाही. ती कुठं चिकटून म्हणून राहायची नाही. दोघी एकाच इमारतीत वर-खाली राहायच्या, एकत्र यायच्या, एकत्र जायच्या. दोघी एका नशिबाच्या, असं खळवाली सगळ्यांना सांगायची.

आज मात्र घडीताई एकटीच पुढं निघून आली होती.

“मला कुणी विचारलं तर सांगेन,” कटरवाले काका कुणीही न विचारता म्हणाले. काका कागद कापायच्या यंत्रावर असत. “त्या घरातला नळ पहिल्या सीनपासून गळतोय. शेवटपर्यंत कुणी एक वायसर बदलला नाही. असल्या घरातला नवरा जाणारच.”

“तुम्ही सिनेमा बघायला गेला होता की प्लंबिंगला?” खळवाली म्हणाली.

“मला आवडला,” नवी म्हणाली. ही कामाला लागून तीनच आठवडे झाले होते, म्हणून नवी. “फक्त नवरा इतका देखणा घ्यायला नको होता. नीट राग येत नाही.”

सिनेमाची गोष्ट तशी वीतभर. एक बाई घराच्या दारात उभी असते. शेजारीण विचारते, काय झालं. बाई म्हणते, “ते गेले.” शेजारीण गळ्यात पडून रडते, मग गल्ली रडते, मग थिएटर रडतं. मध्यंतराच्या जरा आधी कळतं की नवरा दुसऱ्या गावात आरशापुढं उभा राहून छान भांग पाडतोय. तो मेलेला नाही, नुसता निघून गेलाय. आणि बाईनं ते कुणालाच सांगितलेलं नाही.

“मला तर फसवल्यासारखं झालं,” खळवालीनं पुठ्ठ्यावर ब्रश असा ओढला की जणू पुठ्ठ्यानंच काही केलं असावं. “अर्धा पदर भिजवला मी. माझी आसवं काय रस्त्यावर पडलीयत? आणि ती शेजारीण बघा. बिचारीचा स्वतःचा नवरा वारलेला. ती हिच्यासाठी जीव टाकते, भाकरतुकडा आणून देते, आणि ही बया गप्प. मी असते ना, तर तोंड पाहिलं नसतं पुन्हा.”

घडीताईनं फर्मा दुमडला आणि हाडाच्या पट्टीनं घडी दाबली. पट्टी दोनदा फिरवायची, तिनं चारदा फिरवली.

अकरा वर्षांपूर्वी तीही अशीच उभी होती. दारात नव्हे, जिन्यात. नवरा बाहेरगावी नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. त्या दिवशी तो आला नाही, पत्र आलं. इथून पुढं येणार नाही, शोधू नकोस, एवढंच. हातात पत्र घेऊन ती जिन्यात उभी असताना खळवाली पाण्याची बादली घेऊन वर आली आणि म्हणाली, “काय गं?” घडीताई म्हणाली, “ते गेले.” बादली पायरीवर आदळली. खळवालीचा नवरा वारून तेव्हा चारच महिने झाले होते. तिनं घडीताईला असं कवटाळलं की पुढचं वाक्य दोघींच्या मधे कुठंतरी चेंगरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं. क्रियाकर्म सगळं तिकडंच उरकलं म्हणे, असंही लोकांनी आपापसात ठरवून टाकलं. दुसऱ्याच आठवड्यात खळवालीनं तिला हाताला धरून या कामावर आणलं.

नंतर सांगू म्हणता म्हणता सांगायची वेळ टळून गेली. पण ‘वारले’ हा शब्द मात्र घडीताईनं अकरा वर्षांत एकदाही तोंडातून काढला नव्हता. तेवढ्यावर ती स्वतःला सरळ समजत आली होती. काल त्या अंधारात पहिल्यांदा तिला ते सरळपण बाहेरून दिसलं, आणि अजिबात आवडलं नाही.

“पण ती खोटं कुठं बोलली?” नवी म्हणाली. “ती फक्त ‘गेले’ म्हणाली. आपण म्हणतोच की, हे कामावर गेले, हे गावाला गेले.”

“बाजारात गेले असं म्हणताना बाई पांढरीफटक पडते का?” खळवाली म्हणाली. “एवढी अक्कल बघणाऱ्याला पण असते.”

“ताईंना तर आधीच कळलं होतं,” नवीनं सहज सांगून टाकलं. “मी शेजारीच होते ना. सगळे रडत होते, ताई नुसत्या पडद्याकडं बघत होत्या. मी रुमाल पुढं केला तर म्हणाल्या, ‘राहू दे, जिवंत आहे तो.’ मला वाटलं, पाहिलेला असेल सिनेमा.”

 हे आपण मोठ्यानं बोललो होतो हे घडीताईला आत्ता कळत होतं.

“असं म्हणालीस तू?” खळवालीनं विचारलं. “कसं कळलं तुला?”

“अंदाज,” घडीताई म्हणाली.

“कसला गं अंदाज? थिएटरात दोनशे माणसं होती, एकालाही अंदाज नाही आला.”

“या फर्म्याची पानं बघा जरा,” काका तिच्या गठ्ठ्यातला वरचा फर्मा उचलून म्हणाले. “चारानंतर तेरा. घडीताई, आज गुलाबाच्या कलमावर एकदम कोबी लावलात.” पुस्तक बागकामाचं होतं. कुणी हसलं नाही.

“तिला छळू नका,” खळवाली म्हणाली. “सिनेमा पाहून तिला स्वतःचं आठवलं असेल. मला नाही का आठवलं?” मग ती नवीकडं वळली, कारण वाद अर्धा सोडणं तिला जमत नसे. “आणि तुला सांगते, ‘गेले’ म्हणजे काय ते. मी डोळ्यांनी पाहिलंय. ही जिन्यात उभी. हातात कागद. मी म्हटलं, काय गं? तर एवढंच म्हणाली. ते गेले.”

आणि ती थांबली.

ब्रश हवेतच राहिला. त्यावरची खळ एका तयार पुठ्ठ्यावर टपकली, दुसरा थेंब टपकला. खळवालीनं खाली पाहिलं नाही. ती घडीताईकडं बघत होती. काकांनी यंत्राचं चाक अर्ध्यात सोडलं होतं. नवीला काहीतरी झालंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही.

“म्हणजे,” खळवाली हळूच म्हणाली, “असंच म्हणतात सगळे. त्या वेळी वारले असं म्हणवत नाही तोंडानं. हो ना गं?”

खळवालीनं सुटकेचं दार उघडून धरलं होतं. घडीताईनं नुसती मान हलवायची होती. अकरा वर्षं तिनं गच्चीवर, जिन्यात, या टेबलाशी तेवढंच तर केलं होतं. खळवालीचा चेहरा पण तेच मागत होता. हलव बाई मान, म्हणजे मी पुढचा पुठ्ठा घेते.  घडीताईनं हातातली पट्टी खाली ठेवली.

“मी वारले असं कधीच म्हटलं नाही,” ती म्हणाली.

“ते मला माहितेय. मी विचारतेय, वारले ना?”

“नाही.”

खळवालीनं ब्रश डब्यात ठेवला. मग परत काढला, काठावर निथळवला, परत ठेवला. उठून मागच्या मोरीवर गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. काकांनी पाणी वाया जातंय असं म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि शहाणपणानं मिटलं. घडीताई चुकलेला फर्मा उलगडत बसली. एकदा पडलेली घडी कागदातून जात नाही हे तिला या खोलीत सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, तरी ती हातानं सारखा करत राहिली.

खळवाली आली ती ओल्या हातानंच टेबलाशी उभी राहिली.

“मेलेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत म्हणून,” ती म्हणाली, “अकरा वर्षं मी त्या माणसाबद्दल चांगलं बोलले. किती शांत होते, किती सरळ होते. माझ्याकडून नेलेली इस्त्री त्यानं परत केली नाही, तेसुद्धा मी गिळलं. म्हटलं, जाऊ दे, बिचारा गेला.”

“मी सांगणार होते,” घडीताई म्हणाली.

“तुझं राहू दे. तुझ्यावर मी चिडणार आहे, ते नीट सवड काढून. घाईत उरकण्यातलं नाहीये ते.” तिचा आवाज जरा फाटला, तिनं तो खाकरून सारखा केला. “आधी मला सांग. कुठं गेले?”

अकरा वर्षांत हे घडीताईला कुणीच विचारलं नव्हतं. मेलेला माणूस कुठं गेला असं कोण विचारतं?

“बंदरावर,” ती म्हणाली. “मागाहून कळलं. चष्म्याचं दुकान आहे. ज्या बाईकडं राहतात, दुकान तिचंच आहे.”

“त्या बाईला चष्मा आहे?”

“आहे म्हणे.”

“जाड असणार,” खळवाली म्हणाली. “त्याशिवाय कोण ठेवून घेईल.”

नवीला हसू फुटलं, काकांनी यंत्राकडं तोंड फिरवलं. खळवाली हसली नाही. तिनं खळ टपकलेला पुठ्ठा टरकावला, नवा घेतला आणि कामाला लागली. दुपारी डबा उघडायच्या वेळी ती आपला डबा उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, काकांशेजारी जाऊन बसली. घडीताईनं झाकण काढलं आणि तसंच धरून ठेवलं.

“आणि त्याचे केस?” पलीकडून आवाज आला, वर न बघता. “आहेत अजून, की गेले?”