कोरी पत्रावळ

परवा सोलापुरात महाप्रसादाला गेले होते. आंबलेल्या आमटीचा, ओल्या पत्रावळींचा वास सुटला होता. उष्टी उचलताना आमदारसाहेबांचा फोटो हवा, म्हणून कार्यकर्त्याने त्यांच्या हातात चक्क कोरी पत्रावळ दिली. फोटो झाला आणि साहेबांनी वर हातही पुसले!

त्या वासासरशी सासरचं वळसंग आठवलं. मी नवी सून होते. गावचा सप्ताह मामंजींच्या पुढारपणाखाली चाले, म्हणून उष्टी काढायचा मान त्यांचाच. आमटीचे ओघळ पार कोपरापर्यंत आलेले.

नाकाला पदर लावून मी विचारलं, "मामंजी, तुमाला किळस न्हाय येत?"

"अगं, आत्ता देव जेवून उटलाय की हितनं. त्याच्या उष्ट्याची कसली किळस?"

तेव्हा मला त्या बरबटलेल्या हातांची शिसारी आली होती. परवा आली, ती साहेबांच्या कोरड्या हातांची.