फाट्यावर फुलं नव्हती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे — पण आवाज खाली आणून नाही. तशी अपेक्षा असेल तर इथेच थांबा.

गेल्या महिन्यात मी सांदकफू ते फालुट ही वाट पुन्हा चालले. दार्जिलिंगच्या वरची, नेपाळच्या सीमेवरून जाणारी डोंगरधार. पहिल्या वेळी जे घडलं त्यानंतर ती आवडायला नको होती का? आवडते. अजूनही, फार.

पहिल्या वेळी आम्ही कोलकात्यातली मराठी मंडळी होतो — बँकेतली, सरकारी खात्यातली, सॉल्ट लेकच्या आयटीतली. निम्म्यांनी सह्याद्री पालथा घातलेला, त्यामुळे तिथली पद्धत सोबत आली होती: एक जण सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. मागच्याला बॅकलीड म्हणतात. त्याचं काम एकच — सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पुढे जायचं नाही.

बॅकलीड मी होते.

सर्वांत सावकाश होत्या सुलभाताई. त्यांचे यजमान नाना बँकेतून निवृत्त झाले आणि दोघं कोलकात्यातच, बेहाला भागातल्या घरी राहिली. ताई गुरांसाच्या, म्हणजे तिकडच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या, प्रत्येक फुललेल्या झाडाखाली थांबायच्या. "अगं, हा रंग बघ ना!" मी बघत होते कांचनजंगाकडे. खालून ढग चढत होते, आणि पुढच्या चढावरून शिखर अख्खं दिसलं असतं.

मग मी काय केलं? ताई बुटाची नाडी बांधायला बसल्या. मी त्यांच्या शेजारून पुढे निघून गेले. काही न बोलता. शिखर पाहिलं. सुंदर होतं — हेही खरं आहे.

धुकं आलं. ताई एका फाट्यावर भलत्याच वाटेने खाली उतरल्या. दिवस मावळायच्या आत एका याकवाल्याने त्यांना आणलं. गुडघा सुजलेला, ओठ निळे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "फाट्यावर फुलं बघायला बाजूला गेल्या. मी हाका मारत राहिले."

ताईंनी ऐकलं. माझा हात धरला. "माझ्यामुळे तुला केवढा ताप झाला गं." धुक्यात काय घडलं ते त्यांना नीट आठवत नव्हतं — माझं वाक्यच त्यांची आठवण झालं.

मी इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. दुसऱ्यांच्या बातमीतल्या चुका काढते. माझ्या वाक्यात एक ढळढळीत चूक होती. त्या फाट्यावर गुरांस नाही. आखूड पिवळं गवत आणि काही वाळकी झाडं. सगळे तिथूनच गेले होते. कुणीही पडताळलं नाही.

तेव्हापासून दर गणपतीत नानांचा विनोद ठरलेला. "हिच्यावर लक्ष ठेवा रे, फूल दिसलं की निघाली ही!" सगळे हसतात. ताईही.

यंदा पुन्हा जायचं ठरलं तेव्हा ताई म्हणाल्या, "गुडघा आता बरा आहे माझा. येऊ का?"

"तू? आणि परत शोधायला कोण जाणार?" नाना म्हणाले.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी नजर चुकवली नाही. चहा संपवला. आणि त्यांच्याशिवाय गेले — पुन्हा बॅकलीड म्हणून. मी कुणाला मागे सोडत नाही, असं सगळ्यांचं मत आहे.

या वेळी फाट्यावर थांबले. हवा स्वच्छ होती. गवत होतं. रडू वगैरे आलं नाही. दमले होते, घाबरले होते, नकळत झालं — यातलं काहीही मी म्हणणार नाही. सुलभाताई फुलांमागे गेल्या नव्हत्या. मी त्यांना सोडून गेले होते.

माझं पोट इंग्रजीवर चालतं. हे मराठीत लिहिलं, कारण बेहालाच्या त्या घरात मराठी वाचतात — आधी नाना, मोठ्याने, ताई ऐकतात.