वादग्रस्त वस्तूला हात लावू नये

वादोबांनी जन्मात कुणाशी भांडण केलं नाही, तरी सगळं जग त्यांना वादोबाच म्हणायचं. नोकरीच तशी होती. ते कोर्टाच्या गोदामात कारकून. एकाच वस्तूवर दोघांनी हक्क सांगितला की निकाल लागेपर्यंत ती वस्तू वादोबांच्या ताब्यात. ते तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवायचे, 'वादग्रस्त'. एकदा चिठ्ठी लागली की वस्तू हलवायची नाही आणि वापरायची तर मुळीच नाही. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणं म्हणजे वापरच झाला, म्हणून ते बंद. एक शेळी आली होती. ती गोदामातच व्याली, तेव्हा वादोबांनी पिलालाही चिठ्ठी लावली. शेळीनं ती खाल्ली. वादोबांनी शांतपणे दुसरी लावली.

पेपरात 'वादग्रस्त नट' असं छापून आलं की मात्र या देवमाणसाचं डोकं सणकायचं. नट नुसता बदनाम असेल तर बदनाम म्हणा की! वादग्रस्त म्हणजे जिच्यावर दोघांनी तोंडानं हक्क सांगितलाय आणि दोघांतला एकही अजून खोटा ठरलेला नाही अशी वस्तू. एकच दावेदार असेल तर वाद कसला, कपाळाचा?

इथवर ठीक होतं हो. पण निवृत्त झाल्यावर उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन स्वारी घरी आली आणि बायकोच्या नशिबाला वनवास आला. तिला खिडकी उघडी हवी, यांना बंद. लागली चिठ्ठी, खिडकी अर्धवट. तिला मालिका, यांना बातम्या, टीव्ही गप्प. खिडकीजवळच्या खुर्चीवर दोघांचाही डोळा, म्हणून दोघंही जमिनीवर. पलंगाच्या कुठल्या बाजूला कुणी झोपायचं यावरून कुरबुर झाली आणि त्या दिवसापासून दोघांची पाठ फरशीला लागली. बाईचे गुडघे बोलायला लागले. शेवटी तिनं थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं आणि कायमची तिच्याकडे निघाली.

टॅक्सी दारात उभी. बॅग उंबऱ्याशी. थांब म्हणावं, तर तसलं काही बोलायची वादोबांच्या जिभेला सवय नाही. हात आपसूक खिशात गेला. चिठ्ठी काढून ते बॅगेपाशी वाकले.

मेव्हणी करवादली, की हा माणूस कामातून गेलाय, चल लवकर. बायकोनं मात्र नवऱ्याचा हात धरला. इतकी वर्षं नियम ऐकून ऐकून तिला पाठ झाले होते.

"दोन दावेदार लागतात ना? ताई म्हणते, तू माझ्याकडे चल. दुसरं कोण?"

वादोबांनी सवयीनं मागं वळून पाहिलं, दावेदार आलाय का म्हणून. मागं चिठ्ठी लावलेली खुर्ची तेवढी होती. त्यांनी घसा खाकरला. परत खाकरला.

"मी आहे," ते म्हणाले. "मला तू इथंच हवी आहेस."

लग्न झाल्यापासून हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, पण कुणी हललं नाही. बाईनं नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, मागचा डिंक जिभेनं ओला केला आणि स्वतःच्या हातानं बॅगेवर दाबून बसवली.

मेव्हणी तणतणली. असं असेल तर तसं, पण निकाल लागला की बहिणीला मी नेणार, कधी लागतो ते सांगा.

"माझ्या हयातीत तरी गोदामातल्या एकाही वस्तूचा लागला नाही," वादोबा म्हणाले.

मग बाई खिडकीपाशी गेली, खुर्चीवरची चिठ्ठी टराटरा ओरबाडून काढली आणि हुश्श करून बसली. वादोबांनी हरकत घेतली नाही.